वर्णनापेक्षा नवा पाळणा

तक्रार अशी होती, की वस्तू सांगितल्यापेक्षा चांगली निघाली. फोनवरच्या मुलीला हे काही केल्या समजेना.

"मॅडम, वस्तू तुटलेली आहे का?"

"नाही."

"मग दुसरीच वस्तू आली का?"

"नाही हो. पाळणा मागवला होता, पाळणाच आलाय."

"मग फार जुना निघाला का?"

"अहो, जुना नाही हीच तर तक्रार आहे! वापरलेला म्हणून घेतला आणि निघाला कोरा."

 मग ती पोरगी अगदी मायेने म्हणाली, "मॅडम, मग तुम्ही खूश व्हायला पाहिजे ना?"

मला तिचा राग आला नाही. माझी सगळी नोकरी पेणच्या टेलिफोन ऑफिसात गेली, आणि त्यातली बरीचशी तक्रारीच्या खिडकीवर. आमचा फोन वाजतच नाही म्हणून एक गृहस्थ सारखे यायचे. लाइनमन दोनदा जाऊन आला. फोन ठणठणीत होता, त्यांना कुणी फोनच करत नव्हतं. अशी तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची ते आम्हाला कळत नसे, आणि तेव्हा आमचा चेहरा जसा व्हायचा तसाच त्या मुलीचा झाला असणार. तरी तिने फोन आपटला नाही, याबद्दल तिला दुवा द्यायला हवा. आमच्या वेळी मी आपटला असता.

आता मुळात मला वापरलेलाच पाळणा कशाला हवा होता, ते सांगते.

माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. याआधी दोनदा तिच्या पदरी निराशा आली होती. पहिल्या वेळी आम्ही सगळ्यांना पेढे वाटायच्या तयारीत होतो, दुसऱ्या वेळी कुणाला सांगितलंच नाही, आणि दोन्ही वेळा शेवट एकच झाला. या खेपेला सातवा महिना सरला तेव्हा कुठे मी जरा मोकळा श्वास घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं उत्तम आहे. मी मान डोलावली आणि घरी येऊन देवापाशी पुन्हा विचारून घेतलं.

तशी मी फार देवदेव करणारी बाई नाही. पण आपल्याकडे बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत. ज्या घरी पोर धडधाकट वाढलंय त्या घरून जुनं मागून आणतात. पाळण्याचंही तेच. पाळणा विकत घ्यायचा नसतोच मुळी, तो घरोघर फिरत असतो. आमचाही असा एक पाळणा होता. मी त्यात होते, माझी भावंडं होती, माझी मुलगी होती. तो फिरत फिरत शेवटी पनवेलला एका पुतण्याच्या फ्लॅटमध्ये गेला. मी मोठ्या आशेने फोन केला तर सूनबाई म्हणाली, "काकू, त्याचं आम्ही शू-रॅक करून घेतलं. इतकं छान दिसतं!" त्या घरी मी त्यानंतर चहाला गेलेली नाही.

लोखंडी पाळणे दुकानात ढिगाने होते. मला ते नको होते. मला ज्यात पोरं वाढली आहेत असा पाळणा हवा होता, एक नाही, चांगली चार-दोन. भीती माणसाला कशी हट्टी करते ते मला त्या दिवसांत कळलं. बाहेरून मी हसत होते, मुलीला डिंकाचे लाडू खा म्हणून दटावत होते, आणि आतून एवढी घाबरलेली होते, की कुणी उलटी चप्पल ठेवली तरी मला चालत नसे.

आमचे हे नागोठण्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते. रिटायर झाल्यावर त्यांना मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या बोल्या लावायचा नाद लागला. घरात न वाजणारे रेडिओ जमू लागले होते. पण एका दुपारी त्यांनीच मला हाक मारली. "ये गं, हे बघ." फोनवर पाळण्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: जुना सागवानी पाळणा. घरात वापरलेला. यात चार पोरं वाढली. ठिकाण, रोहा.

चार पोरं! मला दुसरं काही वाचायचं नव्हतं.

बोलीला माझ्याशिवाय आणखी एक बाई होती, पुण्याची. मी चढवली की तीही चढवायची. शेवटी शेवटी हे म्हणाले, पुरे आता. मी त्यांच्या हातून फोन काढून घेतला. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. भाताचा गाळ झाला, पण पाळणा आमचा झाला. त्या दिवशी तो गाळ आम्ही तुपाबरोबर आनंदाने खाल्ला.

टेम्पोतून पाळणा आला. बाळ येण्याआधी पाळणा टांगायचा नाही एवढं मी पाळणार होते, म्हणून तो मागच्या खोलीत नेऊन ठेवला. मुलगी झोपली होती. मी ओलं फडकं घेऊन पुसायला बसले आणि पुसता पुसता माझा हात थांबला.

पुसायला काही नव्हतंच. धूळ होती, पण ती माळ्यावरची होती. कठड्यावर दातांची एक खूण नाही. माझ्या मुलीने आमच्या पाळण्याचा कठडा उंदरासारखा कुरतडला होता. कड्या जिथे अडकवतात तिथलं लाकूड घासलेलं नाही. मी पाळणा उलटा केला आणि तळ पाहिला. चार पोरं वाढली म्हणे! ज्यात चार पोरं वाढली त्या पाळण्याच्या तळाला एक तरी डाग नको? वरच्या दांडीला पोपट टांगायचे चार आकडे होते, आणि चारही रिकामे.

"कोरा आहे हा," मी म्हटलं.

"मग बरंच की," हे म्हणाले. "जुन्याच्या भावात नवा मिळाला."

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते बाहेर जाऊन पेपर वाचत बसले.

म्हणून मग ती तक्रार. ॲपवर तक्रारीची कारणं दिलेली होती, त्यांतलं एक निवडायचं होतं. वस्तू वर्णनापेक्षा जुनी, असं एक कारण होतं. वर्णनापेक्षा नवी, असं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. फोनवरच्या मुलीने शेवटी 'इतर' निवडलं आणि म्हणाली, "मॅडम, आधी विक्रेत्याशी मेसेजवर बोला. मार्ग निघाला नाही तर आम्ही आहोत."

मी लिहिलं: पाळणा वापरलेला नाही. तुम्ही खोटं वर्णन केलं आहे. पाळणा परत घ्यावा.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: पाळणा जुनाच हाय. लय वर्सं घरात हाय.

मी लिहिलं: जुना असेल. पण यात मूल वाढलेलं नाही. चार तर नाहीच नाही.

उत्तर आलं: झाडं लावायला काय फरक पडतो ताई?

मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाला लिहिलंय. मी विचारलं: झाडं कसली? माझ्या नातवंडासाठी घेतलाय.

मघाशी उत्तराला केवढा वेळ लागला होता. आता मी फोन खाली ठेवायच्या आत वाजला. लिहिलं होतं: बाळाला त्यात घालू नका. मी न्यायला येते.

 काय होतं त्या पाळण्यात? मी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली. मुलीने विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "मांजर शिरतंय." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

बाई न्यायला येईपर्यंत थांबणं माझ्याच्याने शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेणला गाडी पकडली. कासू स्टेशन येईपर्यंत मी भांडणाची सुरुवात तयार केली, नागोठण्यापर्यंत मधला भाग, आणि रोह्याला उतरले तेव्हा शेवटही तयार होता. पत्ता टेम्पोच्या चिठ्ठीवर होताच. रिक्षावाल्याने नदीच्या बाजूच्या एका आळीत सोडलं.

बसकं कौलारू घर. पडवीत शिलाई मशीन, दोरीवर ब्लाऊज टांगलेले, आणि मशीनवर माझ्याहून थोडी मोठी अशी एक बाई. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, बाजूला मोबाइल. मी कोण ते सांगितलं. ती ताडकन उठली आणि आधी विचारलं, "घातलंत का त्यात पोराला?"

"अजून जन्माला यायचंय," मी म्हटलं.

ती मटकन खाली बसली. "मग ठीक हाय. बसा. पाणी देते."

तयार केलेलं माझं सगळं भांडण तिथेच संपलं. ज्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त भीती वाटतेय त्याच्याशी भांडता येत नाही.

चहा झाला. मग तिने सांगितलं. तिचे यजमान सुतार. रोह्यात आणि आजूबाजूच्या गावांत निम्मे पाळणे त्यांच्या हातचे. त्यांची एक पद्धत होती. पाळणा आधी करून द्यायचे, पण त्याचे लाकडी पोपट स्वतःपाशी ठेवायचे. बाळ झाल्याचा निरोप आला की स्वतः त्या घरी जायचे आणि आपल्या हाताने पोपट टांगून यायचे. त्या दिवशी जेवण त्या घरी. लोकही त्यांची वाट बघायचे.

"आमचा पाळणा सगळ्यात निवांत केला त्यांनी," ती म्हणाली. "मला सातवा लागला तवा हात घातला. चांगलं साग ठेवलं होतं बाजूला. पोपट रंगवून झालं. पण मूल राह्यलं नाय. पुना दिवस गेले नाय. त्यांनी पाळणा गोणपाटात बांधला नि माळ्यावर टाकला. लोकांचे करत राह्यले, पण त्याचं नाव काढलं नाय कंधी. मी पन नाय काढलं."

यजमान गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. यंदा कौलं काढून पत्रे घालायचे होते, म्हणून माळा रिकामा करणं आलं. पाळणा खाली उतरला.

"रोह्यात कोन घेनार? सगळ्यांना ठावं हाय. बिनपोपटाचा पाळणा दिसला की बाया तोंड फिरवतात. म्हटलं, मी मेल्यावर कुनीतरी चुलीत घालील. मग मोबाइलवर टाकला. पुन्याची एक बाई विचारत होती, बाल्कनीत झाडं लावायची हायत, काय हिस्टरी हाय का म्हणून. तिला गोष्ट पायजे होती. मी लिवलं चार पोरं वाढली. तेवढंच खोटं लिवलं." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "म्हटलं, झाडं तर झाडं. कायतरी वाढंल तरी त्यात."

मी हातातली रिकामी कपबशी खाली ठेवली. 

"मला वाटलं, तिनंच घेतला. तुमच्यासारखं कुनी घेईल असं ध्यानातच नाय आलं बघा," ती म्हणाली. "हल्ली पोराला कोन लाकडी पाळण्यात घालतंय. ज्यांच्यात पोरं होतात ते सगळं नवं घेतात नि ज्यांच्याकडे झाडं हायत ते जुनं घेतात. आता मी टेम्पो सांगते. तुमच्या लेकीला सांगू नका यातलं काय."

मी बरं म्हटलं. निघताना तिने मला हळदकुंकू लावायला पुढच्या घरची शेजारीण बोलावली, आपला हात मागे ठेवला. गाडीत बसल्यावर तो मागे ठेवलेला हातच माझ्या डोळ्यांपुढे येत राहिला. मला त्या बाईचं वाईट वाटत होतं आणि तरीही मला तो पाळणा घरात नको होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

घरी आले. मुलगी झोपली असेल असं समजून स्वयंपाकघरात ह्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "रिकामा राहिलेला पाळणा आहे हो तो. आपल्या घरात नको. उद्या ती टेम्पो घेऊन येते, देऊन टाकू."

मागे मुलगी उभी होती. एक हात कमरेवर, एक दाराच्या चौकटीला.

"रिकामा राहिला यात पाळण्याची काय चूक?" तिने विचारलं.

"चूक नाही गं. पण कशाला विषाची परीक्षा?"

"मग मी पण रिकामीच राहिले ना, आई. दोनदा." ती हे रागाने बोलली नाही. "मला कुठे परत पाठवणार?"

ह्यांनी गॅस बंद केला. मी तिथेच पाटावर बसले. दोन वर्षं मी तिच्यासमोर हसत होते, तिला लाडू खाऊ घालत होते, आणि मला वाटत होतं, की माझी भीती तिला दिसत नाही. तिला ती रोज दिसत होती. आणि तिला तिचा अर्थ काय लागत होता, ते आता कळलं. मला रडू आलं. तीच खाली बसली, पोट सांभाळत, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अशी मुलगी मला मिळाली याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते ठाऊक नाही, पण मी मानते.

मागच्या खोलीची कडी तिने स्वतः काढली.

मग गंमत सुरू झाली. मी रोह्याला निरोप पाठवला, पाळणा परत देत नाही, ठेवून घेते. तर बाईंनी ॲपवर उलटी तक्रार केली, की गिऱ्हाईक वस्तू परत देत नाही. मला त्याच मुलीचा फोन आला. आवाजावरून मी तिला ओळखलं, तिनेही मला.

"मॅडम, तुम्हाला पाळणा परत करायचा होता ना?"

"होता."

"आता त्या परत मागतायत, तर तुम्ही देत नाही?"

"नाही."

"मॅडम, मी हे कशात लिहू?"

"इतरमध्ये," मी म्हटलं.

बाईंनी ऐकलं नाही. टेम्पो घेऊन हजर झाल्या. टेम्पोवाला वडखळ नाक्यावरच्या गर्दीत अडकला म्हणून करवादलेला, बाई त्याच्यावर करवादलेल्या. दारातूनच म्हणाल्या, "कुठं हाय? काढा बाहेर." मी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. आत मुलगी पाळण्याला टेकून जमिनीवर चटई टाकून बसली होती. मी मुद्दाम बसवलेली नव्हती, तिला तिथे गार वाटत होतं. पण तिला हलवल्याशिवाय पाळणा हलणार नव्हता, आणि त्या अवस्थेतल्या बाईला ऊठ कोण म्हणणार?

बाई उंबऱ्याशीच थांबल्या. तिच्या पोटाकडे बघत राहिल्या.

"मावशी, आत या ना," मुलगी म्हणाली.

"नको गो बाय. हितूनच बोलते. हा पाळणा चांगला नाय. मला नेऊ दे."

"कुठला भाग चांगला नाही? मला तर सगळाच चांगला दिसतोय." तिने कठड्यावरून हात फिरवला. "काकांनी हे गज इतके गुळगुळीत कशाने केले?"

बाईंच्या तोंडून उत्तर आपसूक आलं. "काचंनं. आदी पॉलिश पेपर, मग फुटक्या बाटलीची काच. पोराच्या हाताला लाकडाचं कुसळ लागता नये म्हणायचे."

"मग त्यांनी एवढा जीव लावलाय यात. याने वाईट कसं होईल?"

"तसं नाय गो..."

"मावशी, माझी दोन राहिली नाहीत," मुलगी सरळ म्हणाली. घरात हे इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं. "लोक मला डोहाळजेवणांना बोलवत नाहीत आता. बोलावलं तरी ओटी भरायला पुढे करत नाहीत. तुम्हालाही नाही करत ना?"

बाईंनी मान हलवली.

"मग निदान आपण दोघींनी तरी या पाळण्याला तसं करू नये."

 बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. बाईंनी वळून त्याला अशा काही शब्दांत गप्प केलं, की मलाही हेवा वाटला. मग चपला काढल्या, आत आल्या, आणि मुलीच्या शेजारी चटईवर बसल्या. मी तिघींसाठी चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा बाई तिला आठव्या महिन्यात पाय सुजले तर काय करावं ते सांगत होत्या. टेम्पो रिकामा परत गेला. बाईंना हे स्टेशनवर सोडून आले.

चार दिवसांनी ॲपवाल्या मुलीचा पुन्हा फोन आला. दोन्हीकडून तक्रार मागे घेतलीय, बंद करू का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, करा. ती जरा घुटमळली. "मॅडम, हे मी ऑफिसचं म्हणून विचारत नाही. पण शेवटी पाळणा कुणाकडे राहिला?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाळ झालं की कळवाल का? आणि मग तिलाच आठवलं, की तिच्या नंबरावर उलटा फोन लागत नाही. तिला कळवायचं राहिलंच. तिने माझं वेडगळ गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कंटाळली नाही. ती जिथे कुठे असेल तिथे तिचं भलं होवो, असं मी अजूनही म्हणते.

मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ह्यांनी मला मिठी मारली, सगळ्यांदेखत. त्यांनी तसं याआधी कधी केलं नव्हतं. मी पहिला फोन जावयाच्या आईला केला आणि दुसरा रोह्याला. पलीकडून नुसतं "व्हय? व्हय? बाय कशी हाय?" एवढंच ऐकू येत राहिलं. मशीनचा आवाज थांबला होता.

बारशाला बाई आल्या. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी काढली, सगळी हाताने शिवलेली, आणि मग एक डबा. डब्यात चार लाकडी पोपट. रंग थोडा उतरला होता, चोची लाल होत्या. तुळईला टांगलेल्या पाळण्याच्या दांडीवर त्यांनी ते एकेक करून अडकवले. हात वर पोचत नव्हता, तेव्हा ह्यांनी स्टूल धरलं. आमच्या आळीतल्या बाया बघत होत्या. त्यांना कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. रोह्याच्या मावशी, एवढीच ओळख.

पोपट लावून बाई मागे सरल्या, अगदी दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली. मी पुढे झाले, पण मुलगी मला ओलांडून थेट दाराशी गेली.

"माझ्या हातून नको गो," बाई पुटपुटल्या.

 मुलीने बाळ त्यांच्या हातांत ठेवलं आणि आपले हात काढून घेतले. बाईंना धरावंच लागलं. त्या चालत आल्या, फार सावकाश. पाळण्यापाशी आल्यावर नुसत्याच उभ्या राहिल्या. माझा स्वभाव मेला उतावळा, मी म्हणणार होते, घाला आता. ह्यांनी मागून माझा पदर ओढला. मग बाई वाकल्या आणि बाळाला आत ठेवलं. दोरी हातात घेतली. पाळणा हलला. नाव ठेवलं गेलं, ते इथे सांगत नाही. बाया गायल्या, घुगऱ्या वाटल्या, हसणं-बोलणं झालं, आणि हळूहळू घर रिकामं झालं.

बाई दोरी सोडून उठल्याच नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, तुम्ही जेवा. एक हात दोरीवर, एक कठड्यावर. बाळ छान झोपलं होतं. त्या मधूनमधून वाकून तिच्या नाकासमोर बोट धरून बघायच्या. मीही पहिले काही दिवस हेच करत होते, म्हणून मला ते ओळखू आलं.

दुपार कलली आणि बाळ जागं झालं. आधी जरा कुरकुरलं, मग तोंड लाल करून जे भोकाड पसरलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मी धावले. मुलगी पलंगावरून उठली. बाईंनी आम्हा दोघींना हाताने थांबवलं.

"रडू द्या गो तिला जरा," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "माझा रडलाच नव्हता."

आम्ही होतो तिथेच उभ्या राहिलो. नात पोटभर रडली.